तिसरं कोटेशन

दादांचा आवाज जायचा होता आणि त्याची तारीखही ठरली होती. पुढच्या महिन्यातला पहिला सोमवार. घशात गाठ निघाली होती, ती आवाजाच्या पेटीला घट्ट धरून बसली होती, आणि डॉक्टरांचं म्हणणं पडलं की काढायची तर दोन्ही काढाव्या लागतील. माणूस राहील, आवाज राहणार नाही. ही बातमी दादांनी धाकट्या भावाला फोनवर दिली ती एखाद्या जुन्या गाडीचा हॉर्न काढून टाकायचाय अशा सुरात. दादा जन्मभर गाडी शिकवण्याच्या शाळेत होते. शेजारच्या सीटवर बसून त्यांचं अर्ध्या शहराच्या कानाशी ‘क्लच, क्लच’ असं ओरडून झालं होतं. काचा वर केलेल्या असल्या तरी त्यांचा आवाज पुढच्या चौकातल्या माणसाला ऐकू जाई, आणि तोही बिचारा पाय आवळून घेई. आता तोच आवाज फोनच्या नळीतून घोगरा होऊन येऊ लागला होता.

“आवाज आहे तोवर येऊन जा,” दादा म्हणाले. “फोनवर नको. समोर बस. नुसत्या गप्पा मारू. मग पुढे आहेच, तू बोलायचं आणि मी ऐकायचं.”

“आलोच,” धाकटा म्हणाला.

हा धाकटा म्हणजे आपले कोटेशनराव. हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नाही, ऑफिसने ठेवलेलं आहे. ते ज्या कचेरीच्या खरेदी विभागात चिकटले तिथला नियम असा की कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन दुकानांकडून कोटेशनं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, आणि ज्याचा आकडा सगळ्यात कमी त्याच्याकडून ती घ्यायची. नियम सगळ्यांनाच होता. बाकीचे लोक तो संध्याकाळी टेबलाच्या खणात ठेवून घरी जात. कोटेशनराव तो घरी घेऊन आले. त्यांच्या घरातली इस्त्री तीन कोटेशनांची, गादी तीन कोटेशनांची. एकदा दाढ दुखायला लागली तेव्हा ते तीन दंतवैद्यांपुढे तोंड उघडायला निघाले होते. तिसऱ्याच्या पायऱ्या चढत असताना दाढ आपली आपणच पडली, आणि झालेली बचत त्यांनी बायकोला पुढची कित्येक वर्षं ऐकवली.

हा कंजूषपणा म्हणावा तर तसाही नव्हता. वडील लवकर गेले तेव्हा दादांनी शिक्षण सोडून गाडीची शाळा धरली आणि धाकट्याला शिकवलं. स्वतःच्या शर्टाच्या कॉलर उलटवून वापरल्या, धाकट्याला नवे शर्ट घेतले. तेव्हापासून कोटेशनरावांना एक पैसा जास्त गेला तरी तो दादांच्या खिशातून गेल्यासारखा वाटे. दादांवर त्यांचा फार जीव होता. तो दाखवायचा कसा हे न कळल्यामुळे ते वाचवत राहिले, एवढंच.

तर त्याच संध्याकाळी बायकोने मोबाइलवर विमानाचं भाडं काढलं. दादांचं शहर इतकं लांब की रेल्वेने गेलं तर जाण्यायेण्यातच रजा संपावी, म्हणून विमान. कोटेशनराव तोवर विमानात बसले नव्हते. सरळ जाणारं विमान होतं, सकाळी बसायचं आणि दुपारी दादांच्या दारात. आकडाही बरा होता. बायको म्हणाली, घेऊन टाका. कोटेशनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि तिला शांतपणे समजावलं की पहिला भाव हा भाव नसतोच, ती नुसती ओळखदेख असते. खरी बोलणी तिथून पुढे.

दुसरं कोटेशन त्यांनी नाक्यावरच्या तिकीटवाल्याकडून आणलं. हा जेमतेम एक खुर्ची मावेल अशा दुकानात बसतो, त्याच्यामागे भिंतभर निळा समुद्र चिकटवलेला आहे आणि तो कोपऱ्यातून सुटत आला आहे. तिसऱ्या कोटेशनासाठी ते शहराच्या दुसऱ्या टोकाला विमान कंपनीच्या ऑफिसात गेले, टोकन घेऊन बसले, आणि त्यांचा नंबर यायला एकच माणूस उरला असताना जेवणाची सुटी झाली. तिसरा आकडा हाती आला तोवर चार दिवस उलटले होते. त्यांनी पट्टीने रेघा मारून तक्ता केला. सगळ्यात कमी पहिलाच निघाला. समाधानाने त्यांनी बायकोला म्हटलं, काढ तुझा मोबाइल. बायकोने काढला. पहिला आकडा पहिला राहिला नव्हता, तो चांगला सव्वापट झाला होता.

कोटेशनरावांचा यावर विश्वासच बसेना. त्यांच्या सबंध नोकरीत कोटेशन म्हणजे दुकानाच्या छापील कागदावर, खाली शिक्का, आणि शिक्क्याखाली ‘हे दर एक महिना कायम राहतील’ अशी ओळ. महिन्याच्या आत शब्द फिरवणाऱ्या एका पंखेवाल्याला त्यांनी काळ्या यादीत टाकून जन्माची अद्दल घडवली होती. इथे माणूस पाणी प्यायला उठला तरी दर हलत होता. त्यांनी तक्ता फाडून नवा केला. तो करेपर्यंत दुसऱ्याने दर वाढवला. दुसऱ्याचा दुरुस्त करेपर्यंत तिसऱ्याने उतरवला आणि तिसऱ्याकडे धावत जाईपर्यंत परत चढवला. बायको म्हणाली, अहो, हे माकडाच्या मागे धावल्यासारखं झालं. कोटेशनराव तिच्याशी दिवसभर बोलले नाहीत.

अशा गोष्टी बिल्डिंगमध्ये लपून राहत नाहीत. वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. ते एकदा मुलीकडे विमानाने जाऊन आले, तेव्हापासून त्यांना विमानकाका म्हणतात, आणि आकाशासंबंधीचा कुठलाही वाद त्यांच्याकडे निवाड्याला जातो. त्यांनी कोटेशनरावांना जिन्यात गाठून आवाज खाली आणून सांगितलं की मोबाइल माणूस ओळखतो. गरजू दिसला की भाव वाढवतो. त्याला तोंड दाखवूच नये. दुसऱ्याच्या मोबाइलवरून, सहज म्हणून, आपल्याला काही पडलेलं नाही अशा थाटात बघावं. त्यांनी तो थाट करूनही दाखवला. समोरच्या शिलाई मशीनवाल्या बाईंनी सुचवलं की बघायचंच तर मधूनच दुसरीकडचं भाडं विचारावं, म्हणजे मशीनला संशय येत नाही. तळमजल्यावरच्या विमा एजंटने एक कार्ड काढायचा सल्ला दिला, ज्याचे गुण साठले की विमानाचं तिकीट फुकट मिळतं. गुण कसे साठतात विचारलं तर म्हणाला, विमानाने फिरलं की.

माणसं वाईट नव्हती. दादांच्या घशाचं ऐकून सगळ्यांना खरंच वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलेल्या माणसाला काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही. दोन दिवसांत बिल्डिंगमधल्या प्रत्येक मोबाइलवर दादांच्या शहराचं भाडं निघू लागलं. जिन्यातून वर-खाली आकडे ओरडले जाऊ लागले. ज्यांना ते शहर नकाशात दाखवता आलं नसतं असे लोकसुद्धा सकाळी दूध घेताना तिथला दर सांगू लागले. आणि दर रोज चढत होता. शेवटी नाक्यावरचा तिकीटवाला डोकं खाजवत म्हणाला की या मार्गाला एवढी चौकशी मी कधी पाहिली नाही, कंपनीला वाटत असणार तिकडे काहीतरी मोठं आहे. म्हणजे स्वतःच्या तिकिटाचा लिलाव कोटेशनरावांनी स्वतःच पुकारला होता आणि बोली लावायला शेजारी उभे केले होते.

यात त्यांच्या अब्रूचं जे झालं ते वेगळंच. इतकी वर्षं बिल्डिंगमध्ये कुणाला फ्रीज घ्यायचा असला तरी आधी कोटेशनरावांकडे येत. आता येणारा-जाणारा ‘मिळालं का?’ असं विचारी, आणि तेही पोट साफ झालं का या सुरात.

इकडे ऑफिसात रजेचं घोडं अडलं होतं. रजेच्या अर्जात जाण्यायेण्याच्या तारखा लिहायच्या असतात. तिकीट नाही तर तारखा कुठल्या? आणि मंजुरीशिवाय तिकीट काढावं तर शहराबाहेर जायला परवानगी लागते, आणि परवानगीच्या अर्जाला तिकिटाची प्रत जोडायची असते. हे परिपत्रक कोटेशनरावांना तोंडपाठ होतं, कारण त्याची टिपणी त्यांनीच तयार केली होती. ते साहेबांकडे गेले. साहेब उठून उभे राहिले, मान द्यायला नव्हे, तर त्यांना बसवत नव्हतं म्हणून. त्यांच्या पाठीला सोसेल अशी खुर्ची त्यांनी मागितली होती, ती तीन कोटेशनांच्या वाटेवर गेल्या हिवाळ्यापासून होती. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, भावाच्या तब्येतीबद्दल दोन शब्द मनापासून बोलले, आणि म्हणाले की नियमाला आपण तरी काय करणार, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. कोटेशनराव नियमाच्या विरुद्ध काही बोलू शकले नाहीत. तशी सवयच नव्हती. शेवटी ‘अंदाजे तारखा’ असा नवा रकाना पाडून साहेबांनीच वाट काढली, तोवर आणखी एक आठवडा गेला होता.

या सगळ्या दिवसांत दादांचे फोन येत होते. आधी ते चांगले ऐसपैस बोलत, खोकत बोलत, मध्येच वहिनींना काहीतरी सांगून परत बोलत. मग फोन आखूड होऊ लागले. आवाज असा झाला की लाकडावर कुणी खडबडीत कागद घासतंय. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्यांना दम लागे. शेवटी शेवटी ते एवढंच विचारत, “कधी?” आणि कोटेशनराव त्यांना दर सांगत. परवाचा दर, कालचा दर, तिकीटवाल्याचं म्हणणं, विमानकाकांचं म्हणणं. दादा ऐकून घेत. “बरं,” म्हणत. “बघ तू.”

असाच एक फोन ठेवला आणि बायको जेवणाच्या टेबलापाशी उभी होती ती खाली बसली.

“तुम्ही तिकीट घ्यायला निघालाय की भावाला भेटायला?” ती म्हणाली. “त्यांना बोलवत नाही आता. जेवढं बोलवतं तेवढ्यात ते तुमचे दर ऐकतायत.”

 कोटेशनराव उठून गॅलरीत गेले. खालून विमा एजंटने वर बघून आजचा आकडा सांगितला, त्याला त्यांनी मान हलवली. त्यांना भीती वाटत होती. समोर बसल्यावर दादांचा आवाज खरंच जाणार होता. तक्ता चालू होता तोवर काहीच ठरलेलं नव्हतं, ना आपलं जाणं, ना आवाजाचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकीट काढलं. सरळ विमान आता फारच महाग झालं होतं. तिकीटवाल्याने एक उलटी वाट काढून दिली होती: आधी एका कंपनीच्या विमानाने भलत्याच दिशेच्या शहरात जायचं, तिथे थांबायचं, आणि दुसऱ्या कंपनीच्या विमानाने दादांच्या शहराला उतरायचं. हे तक्त्यात सगळ्यात कमी होतं. रविवारी दुपारी पोचत होते. ऑपरेशन सोमवारी सकाळी. म्हणजे अख्खी दुपार आणि अख्खी संध्याकाळ गप्पांना मिळत होती. बायकोने ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातलं सरळ विमानाचं तिकीट दाखवलं. दोन्हींतला फरक ऐकून कोटेशनरावांनी डोळे मिटले. एक दुपार आणि एक संध्याकाळ दोन भावांना पुरेशी आहे, असं ते म्हणाले. दादांना फोन केला तर दादा खूश झाले. “ये,” म्हणाले.

स्वस्त तिकिटावर सामान नेता येत नाही, हे निघायच्या आदल्या दिवशी कळलं. सामानाचे वेगळे, आणि ते किती हे ऐकून कोटेशनरावांनी बॅगच घ्यायची नाही असं ठरवलं. त्यांनी तीन शर्ट एकावर एक घातले, वर दादांसाठी विणलेला स्वेटर, त्यावर कोट, आणि कोटाच्या खिशांत दाढीचं सामान, औषधं, मोबाइलची वायर आणि वहिनींसाठी घेतलेला रुमालांचा संच. विमानकाका निरोपाला खाली आले होते, त्यांनी गोल फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, ऐटबाज दिसताय. विमानतळावर तपासणीच्या रांगेत कोट काढायला लावला, मग स्वेटर, मग यंत्र कशावर तरी ओरडलं म्हणून एक शर्ट. मागे रांग साचली. कोटेशनराव घामाने निथळत, मोज्यांवर उभे, आणि तपासणारा माणूस अगदी अदबीने विचारतोय की काका, आत अजून किती आहेत?

पहिलं विमान उशिरा सुटलं. का, ते कुणी सांगितलं नाही. सगळे नुसते बसून राहिले. कोटेशनराव पहिल्यांदाच विमानात बसले होते, खिडकीही मिळाली होती, पण त्यांनी बाहेर काही पाहिलं नाही. ते घड्याळ पाहत होते. मधल्या शहरात उतरले आणि तीन शर्टांनिशी धावत दुसऱ्या विमानाच्या दारापाशी गेले तेव्हा ते दार लागलेलं होतं. विमान काचेतून दिसत होतं. दार उघडत नसतं, असं तिथल्या मुलीने सांगितलं. पहिल्या कंपनीने सांगितलं की आमचं काम तुम्हाला इथे आणायचं, ते आम्ही केलं. दुसऱ्या कंपनीने सांगितलं की आमचं विमान वेळेवर गेलं, तुम्ही नव्हता. दोघांचंही नियमाने बरोबर होतं, आणि कोटेशनरावांना ते पटतही होतं.

तेव्हा तिसऱ्याच एका कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीने त्यांना हाक मारली. तिने हा सगळा प्रकार लांबून पाहिला होता. म्हणाली, आमचं एक विमान तासाभरात जातंय, एक जागा शिल्लक आहे, संध्याकाळपर्यंत पोचाल. आणि तिने आकडा सांगितला. आकडा मोठा होता. पण पैसे होते. बायकोने निघताना कार्ड दिलं होतं आणि लागलं तर मागेपुढे पाहू नका असं बजावलंही होतं. मुलगी बोटं यंत्रावर ठेवून थांबली होती.

आता यापुढे जे झालं ते सांगताना सांगणाऱ्यालाही जड जातं. कोटेशनराव तिला म्हणाले, “जरा थांबा हं, बाजूला विचारून येतो.”

ते मुद्दाम म्हणाले नाहीत. शिंक यावी तसं ते तोंडातून आलं. आणि एकदा म्हटल्यावर पाय चालू लागले. बाजूच्या काउंटरवर त्यांनी विचारलं, तिथे आज विमान नव्हतं. हे झालं दुसरं. परत वळायला हवं होतं, पण दोन कोटेशनांवर त्यांनी जन्मात काही घेतलं नव्हतं. तिसरा काउंटर दालनाच्या पार टोकाला होता. तिथे एक कुटुंब सहा बॅगांचं वजन करत होतं. कोटेशनराव त्यांच्यामागे उभे राहिले. त्यांचा नंबर आला, तिसऱ्याने आकडा सांगितला, तो पहिल्यापेक्षा जास्त होता, आणि विमान सकाळचं होतं. मग ते परत धावले. मुलीने त्यांना येताना पाहिलं आणि तिचा चेहरा आधीच पडला. ती म्हणाली, “मी थांबले होते काका. पण मागून एकजण आले आणि त्यांनी घेऊन टाकलं.”

कोटेशनराव तिथेच एका खुर्चीवर बसले. कोट मांडीवर घेतला. समोरच्या पाटीवर शहरांची नावं सरकत होती, त्यात दादांच्या शहराचं नाव आलं, थोडा वेळ थांबलं आणि वर निघून गेलं. मग त्यांनी उठून सकाळच्या विमानाचं तिकीट काढलं, जो आकडा सांगितला तो देऊन. कमी-जास्त न बघता काढलेलं त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं तिकीट. ते विमान उतरेपर्यंत दादांना आत नेलेलं असणार होतं.

संध्याकाळी मोबाइल वाजला. वहिनींच्या नंबरावर हॉस्पिटलातून दादा होते. कोटेशनरावांना आधी आवाज ओळखूच आला नाही, इतका तो खोल गेला होता.

“कुठे आहेस?”

कोटेशनरावांनी सांगायला सुरुवात केली. पहिलं विमान कसं रखडलं, दार कसं लागलं, दोन्ही कंपन्या कशा हात झटकून मोकळ्या झाल्या. बोलता बोलता त्यांना कळत होतं की हे बोलायचं नाहीये. पण ज्या काउंटरचं सांगायचं होतं ते तोंडातून निघेना, म्हणून ते बाकीचं सांगत राहिले, तीन शर्टांचं सांगितलं, विमानकाकांचं सांगितलं. पलीकडे दादा श्वास घेत होते. एकदा हसल्यासारखं खरखरलं.

“सकाळी येतो,” कोटेशनराव म्हणाले. “थेट हॉस्पिटलात येतो. त्यांना सांग थोडं थांबायला.”

“सांगतो.”  मग दादांनी विचारलं, “तिकिटात किती वाचले रे?”

 वाचलं काहीच नव्हतं. नव्या तिकिटासकट सगळं मिळून सरळ विमानापेक्षा कितीतरी जास्त गेलं होतं. पण दादांच्या आवाजात असं काही होतं, की धाकट्याने परीक्षेचे मार्क सांगावेत म्हणून ते वाट पाहतायत. कोटेशनरावांनी एक आकडा ठोकून दिला. चांगला भरघोस.

“मग चांगलं झालं,” दादा म्हणाले.

तेवढ्यात पलीकडे नर्सचा आवाज आला, बोलायचं नाही सांगितलंय ना, आणि फोन बंद झाला.

सकाळी कोटेशनराव हॉस्पिटलात पोचले तेव्हा दादांना नेऊन तास झाला होता. डॉक्टर कुणासाठी थांबत नाहीत, तेही नियमाने बरोबरच होतं. वहिनी बाकावर बसल्या होत्या. दोघांनी मिळून दिवसभर दार पाहिलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की गाठ पूर्ण निघाली, जिवाला धोका नाही. वहिनींनी हात जोडले. कोटेशनरावांनी जोडायला हात उचलले, ते मध्येच तोंडावर गेले.

दादांना भेटता आलं ते दोन दिवसांनी. गळ्यात खाली एक भोक ठेवलं होतं, तिथून ते श्वास घेत होते, आणि तो श्वास वाजत होता. बाकी दादा तेच होते. भावाला पाहून त्यांनी खुर्चीकडे हात केला, बस. मग हाताची बोटं चोचीसारखी उघडमीट केली, बोल.

कोटेशनराव बोलले. त्यांनी पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. तक्ते, टोकन, साहेबांची खुर्ची, जिन्यातला लिलाव. दादा हसू लागले. खांदे हलत होते, पोट हलत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खोलीत आवाज मात्र एकट्या कोटेशनरावांचा होता. ते थांबले की खोली एकदम रिकामी होई, म्हणून ते थांबेनात. बोलत बोलत ते त्या काउंटरपाशी आले, आणि तेही सांगितलं. तिसरं कोटेशनही सांगितलं.

“फोनवर खोटं बोललो, दादा. काहीच वाचलं नाही.”

दादांचं हसू थांबलं. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग हात हवेत असा हलवला, की ठाऊक आहे, सोड. आणि धाकट्याच्या मनगटावर हात ठेवून डोळे मिटून पडून राहिले. झोप लागली तरी हात तसाच होता. नर्सने येऊन तो उचलला आणि कोटेशनरावांना बाहेर पाठवलं.

बाहेर वहिनी पाण्याची बाटली भरून परत येत होत्या. भावजींचा चेहरा पाहून त्या थांबल्या. त्यांना वाटलं, भेट हुकल्याचं मनाला लागलंय. त्या शेजारी टेकल्या.

“वाईट वाटून घेऊ नका भावजी. रविवारी सकाळपासून हे आमच्यापैकी कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टरांशी नाही, माझ्याशीही नाही. मी रागावले, म्हटलं आज तरी बोला, उद्या काय आहे. तर पाटीवर लिहून दाखवलं, धाकटा येतोय, त्याच्यापुरता आवाज राहू दे.” त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. “दिवसभर जपून ठेवलेला होता. मग संध्याकाळ झाली तरी तुम्ही आला नाहीत, तेव्हा फोन लावला. दोघांना मोकळं बोलता यावं म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले. बोलले ना तुमच्याशी? मनातलं सगळं बोलले ना?”

कोटेशनरावांनी वहिनींकडे पाहिलं. तीस-चाळीस वर्षांचा संसार केलेली ती बाई, नवऱ्याच्या आवाजाचा शेवटचा दिवस तिच्या वाट्याला आला नव्हता. तिने तो दिराला दिला होता आणि आता तिला फक्त एवढंच ऐकायचं होतं की तो वाया गेला नाही.

“बोलला, वहिनी,” ते म्हणाले. “सगळं बोलला.”

“मग झालं तर,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले आणि बाटली घेऊन आत गेल्या.

कोटेशनराव भिंतीला टेकून उभे राहिले. आत वहिनी दादांना काहीतरी विचारत होत्या, आणि उत्तराची वाट पाहत होत्या.